पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: जुन्या गाड्यांतल्या बदलामागची गोष्ट

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा एखादी जुनी एमजी सांभाळणारे चार लोक जमले की एक वाद हमखास निघतो: इंजिनातले पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क, म्हणजे पॉइंट, ठेवायचे की काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायचे? वादात बहुतेक वेळा गृहीत धरलेले असते की पॉइंटची ठिणगी मुळातच कमजोर, म्हणून कंपन्यांनी ते सोडले. मला हे अर्धेच खरे वाटते. नीट लावलेले पॉइंट साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला पुरेशी ठिणगी देतात. अडचण होती ती ‘नीट लावलेले’ या दोन शब्दांची.

सुरुवातीच्या मोटारींत ठिणगीचे प्रकार अनेक होते. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो (चुंबकाच्या साह्याने स्वतःच वीज बनवणारे यंत्र) तयार केला आणि तो बराच काळ उत्तम मानला गेला, कारण त्याला बॅटरीच लागत नसे. बॅटरीवरच्या इग्निशनला व्यवहारात आणले ते अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी ते कॅश रजिस्टरच्या कंपनीत होते आणि दुकानातला गल्ला विजेवर चालवण्याचे काम त्यांनी केले होते. एका सहकाऱ्याच्या गोठ्यात खपून त्यांनी जी इग्निशन यंत्रणा उभी केली, ती १९१०च्या कॅडिलॅकमध्ये बसली. त्यांच्या कंपनीचे नाव डेल्को. लगेच १९१२च्या कॅडिलॅकला त्यांचाच विजेचा स्टार्टर आला. स्टार्टरसाठी मोठी बॅटरी आणि ती भरायला डायनामो गाडीत आलाच, मग वेगळा महागडा मॅग्नेटो कशाला? पुढची साठेक वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या याच पद्धतीवर चालल्या.

पद्धत साधी आहे. बॅटरीचा तीन-चार अँपिअर प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून आणि मिटलेल्या पॉइंटमधून जातो. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा कॅम (उंचवटे असलेला भाग) पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर ते ज्याच्या-त्याच्या प्लगकडे पोचवतो. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइपाला जसा हिसका बसतो, तसाच हा प्रकार. तुटणाऱ्या प्रवाहाचा झटका झेलणारा कंडेन्सर नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडेल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात.

एवढ्या उघडझापीत काय होते ते डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले की दिसते. एका पॉइंटवर बारीक उंचवटा, समोरच्यावर तेवढाच खड्डा, कडेला निळसर-काळी झाक: प्रत्येक वेळी थोडा धातू इकडून तिकडे जातो. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडाही झिजतो. तो झिजला की दोन पॉइंटमधली गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडते. साधारण ०.४ मिलिमीटरची ही गॅप फीलर गेजने लावायची. तेही हाताशी नसेल तर मिस्त्री व्हिजिटिंग कार्ड घालून भागवत. मग पॉलिश पेपरचे दोन हात मारले की मिसिंग करणारी (अडखळत चालणारी) गाडी काही दिवस सुरळीत चाले.

ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला, पण मोटारीत शिरायला त्याला वेळ लागला. १९६३ मध्ये डेल्कोनेच पॉंटियाकच्या काही गाड्यांना आणि पुढच्या वर्षी कॉर्व्हेटला ट्रान्झिस्टर इग्निशन देऊ केले. ज्या कंपनीने पॉइंट रुळवले, तिनेच ते काढायला घेतले. इटलीत फियाट डिनोला साठच्या दशकातच इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळाले. तरी हे सगळे महागड्या, वेगवान गाड्यांपुरतेच होते. सामान्य गाडीवाल्याला पॉइंट बदलणे स्वस्त पडे.

चित्र पालटले ते कायद्याने. अमेरिकेत १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराच्या मर्यादा कडक केल्या आणि नव्या गाडीने त्या ५०,००० मैलांपर्यंत पाळाव्यात अशी अट आली. पॉइंट झिजले की टायमिंग सरकते आणि धूर वाढतो. मालक वेळेवर गॅरेजला जाईल याची हमी कंपनी कशी देणार? शिवाय १९७५च्या मॉडेलांपासून धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. एक सिलिंडर मिस करू लागला की न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आणि जनरल मोटर्सने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांना सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले.

आपल्याकडे हा दबावच नव्हता. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मूळची फियाट ११००. ते जुने इंजिन शतक संपेपर्यंत बनत राहिले. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी पुढे सीएनजीवर गेल्या तेव्हा इग्निशनची परीक्षाच झाली, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर खपून जाणारे थकलेले पॉइंट आणि जुने प्लग गॅसवर लगेच उघडे पडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

जुन्या गाडीला नंतर बसवायची किटे परदेशात सत्तरच्या दशकातच निघाली. ब्रिटिश ल्युमेनिशनमध्ये फिरती चकती अवरक्त किरण अडवते. अमेरिकन पर्ट्रॉनिक्समध्ये कॅमवर चुंबकांची कडी बसते आणि शेजारचा सेन्सर तिची चाहूल घेतो. हा सेन्सर ज्यावर चालतो तो परिणाम एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सापडला होता. सगळे झाकणाखाली मावते, बाहेर फक्त दोन तारा दिसतात.

आज हौशी मंडळी किटाकडे वळतात त्याला कारण पुन्हा निगाच, पण उलट्या दिशेने. बाजारात मिळणारे नवे पॉइंट आणि कंडेन्सर पूर्वीच्या दर्जाचे नसतात अशी सर्वत्र ओरड आहे आणि गॅप लावणारे हातही कमी झाले. मात्र किट म्हणजे रामबाण नव्हे. डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंग तीच राहतात. ती अडकत असतील तर वेगाप्रमाणे टायमिंग पुढे जाणार नाही, मग वर काहीही बसवा. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांची अर्थ (बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक) पॉझिटिव्ह असते, तिथे निगेटिव्ह अर्थचे किट जोडले तर ते जागीच जळते. कॉइलच्या वाटेवर प्रवाह कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असेल तर किटाची तार त्याच्या अलीकडून, पूर्ण १२ व्होल्ट मिळतील अशी घ्यावी लागते. आणि इंजिन बंद असताना चावी ‘ऑन’वर ठेवून रेडिओ ऐकायची सवय सोडावी लागते. तापलेले पॉइंट पुसून चालतात, किटाचे जळालेले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नवेच आणावे लागते.