मेमरीचा डंप म्हणजे कॉपी बायनरी नव्हे

"दादा, फाइल बायनरीच आहे, मग पोस्टग्रेस ती घेत का नाही?" इंदुरात नव्याने कामाला लागलेली मुलं दर दोन-तीन महिन्यांनी मला हे विचारतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि फाइल त्याच्या टेबलात थेट चढवायची आज्ञा म्हणजे कॉपी. बायनरी हे फॉरमॅटचं नाव नाही. ज्याला त्याला सरसकट 'बायनरी' म्हणायची सवय मला मनापासून खटकते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

सी भाषेत स्ट्रक्ट (एकत्र ठेवलेल्या व्हॅल्यूंचा गठ्ठा) भरून एफराइटने फाइलीत ओतणं तुम्हाला येतंच. तो मेमरीचा डंप, म्हणजे मेमरीतले बाइट जसेच्या तसे. तुमच्याच प्रोग्रॅमने, तशाच मशीनवर परत वाचायचा असेल तर उत्तम. पोस्टग्रेसच्या कॉपीला लागणारी बायनरी फाइल वेगळी असते. सुरुवातीला १९ बाइटांचा हेडर, प्रत्येक ओळीआधी २ बाइटांत कॉलमची संख्या, प्रत्येक व्हॅल्यूआधी ४ बाइटांत तिची लांबी, नलसाठी, म्हणजे व्हॅल्यूच नसेल तर, लांबी उणे १, ओळी संपल्या की २ बाइटांत पुन्हा उणे १. स्ट्रक्टमधलं पॅडिंग, म्हणजे कंपायलरने मध्ये घातलेले रिकामे बाइट, इथे चालत नाही. हे मॅन्युअल वाचून कुणालाही जमतं.

माणसं पडतात ती बाइटांच्या क्रमावर. कॉपीला मोठा, म्हणजे आकड्यातला जास्त किमतीचा, बाइट आधी लागतो आणि आपल्या इंटेल-एएमडी मशीन धाकटा आधी लिहितात. हे ऐकून सगळे माना डोलावतात, आणि तरी चुकतात. त्याचं कारण नीट बघा. कॉलमची संख्या उलटी गेली तर ३ चे ७६८ होतात आणि पोस्टग्रेस तिथेच अडवतो. मग एचटीओएनएस, म्हणजे २ बाइटांचा क्रम उलटवणारं सीमधलं फंक्शन, लावलं जातं. लांबी उलटी गेली की तिथेही अडतं, मग ४ बाइटांसाठीचं एचटीओएनएल लावलं जातं. आता फाइल बिनतक्रार आत जाते आणि काम झालं असं वाटतं. पण व्हॅल्यू तशीच उलटी राहिलेली असते! चार बाइट आले की इंटीजर झाला, त्यापुढे डेटाबेसला शंका यायचं कारणच नाही.

मंडीतल्या एका वजनकाट्याचा डेटा आम्ही असाच चढवला होता. सोयाबीनच्या एका ट्रकचं वजन २४,३८० किलो. मेमरीत ते ३सी ५एफ ०० ०० असं बसतं. पोस्टग्रेसने ते डावीकडून वाचलं आणि टेबलात आलं १,०१,२८,५८,८८० किलो. एररचा एक शब्द नाही. आम्ही चाचणी केली होती ती शून्य वजनाच्या ओळींवर, आणि शून्य उलटं केलं तरी शून्यच.

पायथॉन वापरत असाल तर स्ट्रक्ट मॉड्यूलच्या फॉरमॅटमध्ये पहिलं अक्षर उद्गारचिन्ह ठेवा. क्रम बरोबर लागतो, पॅडिंगही जातं. ते न लिहिलेला कोड मी परत पाठवतो.

टाइमस्टँप ८ बाइटांचा, १ जानेवारी २००० पासूनच्या मायक्रोसेकंदांत. १९७० पासून मोजलेत तर तारीख ३० वर्षं पुढे जाईल. रुपये-पैशांचा कॉलम न्युमेरिक (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) असेल तर त्याचे बाइट हाताने रचू नका, सरळ सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाइल, वापरा. काही लाख ओळींपर्यंत मी तर सगळ्यालाच सीएसव्ही सांगतो.

बायनरीच हवी असेल तर आधी एकच ओळ चढवा, इंटीजरच्या कॉलमात १ घालून. टेबलात १,६७,७७,२१६ दिसले, तर व्हॅल्यू उलटी गेली आहे.