किल्ला पडतो कसा: फँटसीतले वेढे आणि ग्वाल्हेरचा कडा

मध्ययुगीन फँटसीवर वाद रंगला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांची एक पंचाईत होते. गच्चीवर गेलं की समोर खरा किल्ला दिसतो. पडद्यावर चार मिनिटांत तट कोसळतो. इथे सुमारे 300 फूट उंच, जवळजवळ तीन किलोमीटर लांब वालुकाश्माचा कडा उभा आहे आणि त्याला कुठून धक्का मारायचा, हेच कळत नाही. फँटसीतले वेढे आले कुठून आणि या कड्यापुढे त्यांतलं काय टिकतं, ते पाहण्यासाठी ही पार्श्वभूमी.

आजच्या बहुतेक फँटसी गेमांचं मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळात, म्हणजे 1974 मध्ये सापडतं. पण त्याच्याही आधी, 1971 साली, ‘चेनमेल’ नावाची नियमपुस्तिका निघाली होती. ती मुळात शिशाचे शिपाई टेबलावर मांडून युरोपातल्या मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी होती. ड्रॅगन आणि जादूगार तिच्या पुरवणीत आले. जादूगाराचा आगीचा गोळा किती जागा जाळणार, हे ठरवायला माप घेतलं ते मोठ्या दगडफेकी यंत्राचं. थोडक्यात, आज गेममध्ये मंत्र पुटपुटणारा म्हातारा हा झगा घातलेला मंजनीक, म्हणजे दगडफेकी यंत्र, आहे. तट म्हणजे फोडायची वस्तू, हा समज त्याच्याबरोबरच आला आणि तो आला सपाट जमिनीवरच्या युरोपी गढ्यांवरून.

सपाटीवर तो बरोबरही होता. यंत्र उभारणं मात्र सोपं नव्हतं. 1304 साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात इंग्रज राजाने एक प्रचंड यंत्र उभारलं. पाच मुख्य सुतार आणि सुमारे 50 कामगार त्यावर राबत होते. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ या संगणकावरच्या गेममध्ये तेच काम 200 लाकूड आणि 200 सोन्यात उरकतं. खेळ म्हणून ते माफ. माफ होत नाही ती उंची.

शाळेतलंच गणित आहे. 45 अंशांत फेकलेला दगड सर्वात वर असताना पल्ल्याच्या पाव भागाइतका चढलेला असतो. यंत्राचा पल्ला 250 मीटर धरला तर दगड 62 मीटरच्या आसपास जाऊन खाली वळतो. ग्वाल्हेरचा माथा 90 मीटरवर! कोन वाढवून दगड वर पोचवला तरी पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला. डोंगरी किल्ल्यात तट आखूड असतो आणि खरी भिंत म्हणजे डोंगर, हे गेमच्या नकाशांना अजून उमजलेलं नाही. टेकडी रंगवतात आणि वर सपाटीवरचाच किल्ला ठेवतात.

मग असे किल्ले पडत कसे? एक वाट उपासमारीची. इल्तुतमिशने 1232 मध्ये हा किल्ला घेतला तो अकरा महिने वेढा घालून, आणि शेवटी इथला राजा रात्रीच्या अंधारात निसटला. गडावर सूरजकुंडासारखी तळी आहेत, म्हणून तर अकरा महिने निघाले. बाबर 1528 मध्ये इथे आला तेव्हा उरवाईच्या घळीतल्या पाण्याभोवती घातलेल्या तटाची त्याने मुद्दाम नोंद केली. लढवय्या माणसाची नजर आधी पाण्यावर जाते. एज ऑफ एम्पायर्समध्ये अन्न, लाकूड, सोनं, दगड हे चारही मोजतात. पाणी कोणी मोजत नाही.

दुसरी वाट सुरुंगाची, पण तीही पायथ्याशी. मानसिंह तोमराच्या मृत्यूनंतर लोदीच्या फौजेने सुरुंगाच्या दारूने उडवला तो खालचा बादलगढ, माथ्यावरचा तट नव्हे. या बाबतीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या 2002 सालच्या चित्रपटाला दाद द्यायला हवी. त्यातली दगडी भिंत उडते ती पाणी जायच्या मोरीत दारू ठासून. जिथे भिंतीला आधीच भोक आहे तिथेच घाव घालायचा, हा विचार पक्का आहे.

तिसरी वाट शिडीची, आणि सिनेमे सर्वात जास्त फसतात ते इथे. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने शिडीचं माप देऊन ठेवलंय: भिंत 10 तर शिडी 12, आणि शिडीचा पाय भिंतीपासून शिडीच्या निम्म्या लांबीवर. म्हणजे 30 फुटी भिंतीला 36 फुटांची शिडी, पाय 18 फुटांवर. लांब झाली तर वरून काठीने ढकलून देतात, उभी लावली तर मागे कोसळते, फार तिरकी लावली तर माणसांच्या वजनाने मधेच मोडते. पडद्यावर शिड्या जवळजवळ उभ्या असतात आणि टोकं तटाच्या वर हातभर डोकावतात, जणू पाडण्यासाठीच ठेवलेली.

ग्वाल्हेरच्या उतारावर तर 18 फूट मागे पाय रोवायला जागाच नाही. म्हणून 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅमने दोन प्रकारच्या शिड्या आणल्या. आधी 16 फुटांचा ताशीव कडा, मग 40 यार्डांची खडी चढण, मग 30 फुटांचा तट. लाकडी शिड्या खडकाखडकाने वर सरकायला. तटाच्या चर्येला बांधली ती दोराची. वाट दाखवणारे गोहदच्या राण्याकडचे चोर. शिपायांच्या पायांत लोकरी कापडाचे, तळव्यात कापूस भरलेले जोडे. वरून पहाऱ्याचे दिवे सरकताना दिसत होते, पहारेकऱ्यांचं खोकणं ऐकू येत होतं. गस्त पुढे जाईपर्यंत ते थांबले. वर पोचलेल्या वीसेक जणांतल्या तिघांनी झोपलेल्यांवर गोळ्या झाडल्या आणि बेत फसायचाच बाकी होता. पण किती माणसं चढली आहेत, हे शिबंदीला कळेना. तिने थोडे दारूचे बाण सोडले आणि दरवाजातून पळ काढला. ती शिबंदी शिंद्यांची होती, त्यामुळे लष्करात हा किस्सा फार चवीने सांगितला जात नाही. महादजींनी किल्ला परत घेतला, तो भाग मात्र सगळ्यांना पाठ असतो.

सह्याद्रीच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. सभासदाच्या बखरीत कोंढाण्यावर आधी दोघे मावळे कडा चढून जातात, मग माळ, म्हणजे दोराची शिडी, लावून बाकीचे वर घेतात. घोरपड तिथे नाहीच.

आणि म्हणूनच, देशी फँटसी या बाबतीत परदेशी फँटसीपेक्षा सरस आहे. 1888 च्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीतले ऐयार, म्हणजे बहुरूपी हेर, तट फोडायच्या भानगडीत पडत नाहीत. कमंद, म्हणजे चढायचा फासाचा दोर, टाकतात, वेष पालटतात, पहाऱ्याला बेहोशीची दवा हुंगवतात आणि बटव्यात मेणबत्तीही ठेवतात. देवकीनंदन खत्री चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेत, तिथले पडके किल्ले हिंडत. कडा आणि कुलूप कसं असतं हे त्यांनी पाहिलं होतं. ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला ती कादंबरी मूळ हिंदीतच मिळाली, हा त्याचा फायदा. नव्वदच्या दशकातल्या दूरदर्शन मालिकेने मात्र ऐयारांपेक्षा भुवया जास्त वापरल्या.

20 जून 1858 च्या पहाटे ग्वाल्हेरचा हाच किल्ला पुन्हा इंग्रजांच्या हाती पडला. रोझ आणि वॉलर हे दोन लेफ्टनंट मोजकी माणसं घेऊन दरवाजांच्या चढणीने वर गेले. शेवटच्या कमानीपाशी झटापट झाली आणि तीत रोझ मारला गेला. तिथवरचे दरवाजे फोडायला त्यांनी बरोबर एक लोहार नेला होता. गेममध्ये लोहार गावात बसून तलवारीची धार वाढवतो, वेढ्यावर त्याला कोणी नेत नाही.