बाह्यरुग्ण समुपदेशन व मनोपचार, नाशिक

रुग्णालयात दाखल न होता, ठरल्या वेळी येऊन-जाऊन घेतले जाणारे बोलण्याचे उपचार. एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. बोलीभाषेत तिला ‘सिटिंग’ म्हणतात. परीक्षा, लग्न, नोकरी अशा एखाद्या अडचणीपुरते समुपदेशन आणि जुनाट भीती, नैराश्य किंवा आघातावर मनोपचार, अशी ढोबळ वाटणी केली जाते. प्रत्यक्षात पहिले करताकरता दुसरे सुरू झाल्याचे पुष्कळदा दिसते.

औषधे लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक तपासणी आणि बोलण्याचे उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर समुपदेशकांना मात्र 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा येईपर्यंत केंद्रीय नियमन नव्हते. दारावरच्या पाटीवरून हा फरक कळत नाही. शिक्षण आणि नोंदणी सरळ विचारून घ्यावी, त्यात उद्धटपणा काही नाही.

शहरात खासगी दवाखाने गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड या पट्ट्यात आढळतात. सरकारी सेवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मिळते. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढून ओपीडीत दाखवता येते. येणाऱ्यांत सातपूर-अंबडचे पाळीवाले कामगार असतात, निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार असतात, तसे पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणारेही. बरेच जण थेट येत नाहीत. छातीत धडधडते म्हणून आधी फिजिशियन आणि ईसीजी होतो, मग त्र्यंबकेश्वरी नारायण नागबली किंवा कालसर्प शांती, वणीच्या गडावर नवस. शहाणा उपचारक यावर वाद घालत नाही. विधीने घरच्यांच्या जिवाला स्वस्थता आली असेल तर ती राहू द्यावी, फक्त सिटिंग आणि गोळ्या चुकू नयेत, एवढेच तो पाहतो.

मानसिक आघातावरचे उपचार हा या सेवेतला सर्वांत कसोटीचा भाग. ‘आघातोत्तर ताणविकृती’ (पीटीएसडी) हे निदान मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात 1980 साली आले. नाशिकला सामूहिक आघात नवे नाहीत: 27 ऑगस्ट 2003 रोजी कुंभमेळ्यातील चेंगराचेंगरीत 39 भाविक मरण पावले, तर 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन गळतीने वीसहून अधिक रुग्ण दगावले. दवाखान्यात मात्र एकेकट्याने सोसलेले आघातही तितकेच येतात, महामार्गावरचा अपघात, घरातली मारहाण, लहानपणीचे लैंगिक शोषण. अशा प्रसंगातून गेलेले बहुतेक लोक उपचारांविना सावरतात. दचकून उठणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, ती जागा टाळणे हे महिन्यापलीकडे टिकले तर निदानाचा विचार होतो. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘बोलून मोकळे व्हा’ म्हणण्याची पद्धत उपयोगाची ठरलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये मोठ्यांसाठी दोन पद्धतींची शिफारस केली: आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारा) आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर. पहिल्या पद्धतीतली एक वाट म्हणजे टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जाणे. समजा, कसारा घाटातल्या अपघातानंतर एखाद्याने गाडी सोडली आहे. आधी तो बंद गाडीत नुसता बसेल, मग विल्होळीपर्यंत जाईल, पुढे घोटी, इगतपुरी आणि शेवटी घाट. दर टप्प्यावर धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. मध्येच पळ काढला तर भीती पक्की होते. प्रसंगाची आठवणही अशीच, सुरक्षित खोलीत, पुन्हापुन्हा सांगितली जाते. त्याआधी श्वास आणि झोप मार्गावर आणावी लागते. सर्ट्रालिनसारखी नैराश्यविरोधी औषधे जोडीला देता येतात. झोपेच्या गोळ्यांनी रात्र निघते, आघात तसाच राहतो.

एवढ्याला साधारण 8 ते 15 आठवडे लागतात आणि नाशिकमध्ये उपचार निसटतात ते इथेच. ऑक्टोबर छाटणी लागली की बागायतदार दिसत नाही, द्राक्षांचा खुडा (तोडणी) संपल्यावर उगवतो. तोवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कंपनीत पाळी बदलली की ठरलेला वार हुकतो. यावर सर्वांत व्यवहारी उपाय म्हणजे पहिल्याच भेटीत हंगाम विचारून त्याप्रमाणे भेटी आखणे. बरोबर आलेला काका किंवा सासरा ‘मी पण आत बसतो’ म्हणतो, तेव्हा त्याला नम्रपणे बाहेर बसवणे हेही उपचारकाचेच काम.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 (अंमल 29 मे 2018 पासून) रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितले पाहिजे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास मिळते. आघाताच्या दीर्घ उपचाराची जागा ती घेत नाही, पण रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर बोलायला माणूस मिळतो. तेवढा वेळ घरात एकांत मिळवणे मात्र दोन खोल्यांच्या चाळीत सोपे नसते.