नाळ थांबून कापणं आणि नाळ पिळणं, एकच नाही हो!

एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईबाबांशी बोलणं हे माझं इथलं पुण्यातलं रोजचं काम, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, थांबून कापली काय नि पिळून कापली काय, रक्त बाळालाच गेलं ना?" गेलं, पण कसं गेलं तेच तर महत्त्वाचं आहे!

डिलेड क्लॅम्पिंग, म्हणजे थांबून कापणं, बहुतेकांना माहितीये. बाळ झाल्या झाल्या नाळेला चिमटा लावायचा नाही, निदान एक मिनिट थांबायचं, वारेतलं रक्त बाळाकडे येऊ द्यायचं. २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वीस अभ्यास एकत्र करून बघितले, वेळेआधी जन्मलेल्या, कमी दिवसांच्या बाळांत नाळ लगेच कापली तेव्हा ८.२ टक्के बाळं दगावली, थांबून कापली तेव्हा ६ टक्के. कावीळ थोडी वाढू शकते, तिला फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाखाली ठेवायचा उपचार आहे, त्यापायी घाई करू नये.

मिल्किंग, म्हणजे पिळणं: न कापलेली नाळ चिमटीत धरून वारेकडून बाळाकडे तीन-चारदा सारायची, काही सेकंदांत काम होतं, म्हणून ते थांबण्याचंच फास्ट व्हर्जन वाटतं आणि इथेच सगळे फसतात. थांबलं की रक्त हळूहळू येतं, बाळ श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, आलेलं रक्त तिथे सामावतं, म्हणजे वेग बाळाचं शरीर ठरवतं. पिळताना वेग आपला हात ठरवतो, दर वेळी रक्ताचा एक लोंढा आत जातो आणि फार लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की असा दाब त्यांना झेपत नाही. २०१९ ला जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गरोदरपणाच्या २३ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांत मेंदूत गंभीर रक्तस्राव पिळलेल्यांपैकी २२ टक्क्यांना झाला, थांबलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. तेवढ्या आठवड्यांच्या बाळांसाठी अभ्यास तिथेच थांबवला. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळांत पुढे चालू ठेवला, तिथे असा फरक दिसला नाही.

म्हणून २८ आठवड्यांच्या आत पिळणं नकोच, इलकॉर या पुनरुज्जीवनाच्या उपचारांवर शिफारसी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची शिफारसही तीच आहे. त्यापुढे थांबणं शक्यच नसेल तर पिळणं चालतं, पण थांबता येत असताना नुसता वेळ वाचवायला पिळलेलं मला अजिबात पटत नाही.

आणि कृपा करून "सातव्यात झालं" एवढंच सांगू नका! सातवा लागला की संपला? २८ ची रेघ नेमकी त्याच महिन्यात येते, आठवडे आणि वर किती दिवस ते सांगा.

कापलेली नाळ पिळणं हा तिसराच प्रकार, त्यात वारेतलं रक्त येत नाही, त्या तुकड्यात असेल तेवढंच. आणि नाळेचं रक्त बँकेत ठेवायचा विषय अशा बाळाच्या वेळी काढूच नका, ते रक्त त्याला आत्ता हवंय.

लवकर डिलिव्हरी होणार असं कळलं की लेबर रूममध्ये जायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, किती वेळ थांबणार, आणि बाळ रडलं नाही तर काय करणार.