बोन्सायची रोजची जागा आणि मांडणीची जागा

परसात बोन्सायसाठी जागा करायची म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: मागे स्वच्छ रंगवलेली भिंत, पुढे पायऱ्यांचा कट्टा आणि संग्रहातली सगळी झाडे बारा महिने त्याच कट्ट्यावर. असे आराखडे पुन्हा पुन्हा पाहण्यात येतात आणि गल्लत दर वेळी तीच असते. झाड जिथे राहते आणि वाढते ती रोजची जागा निराळी, आणि तयार झालेले झाड काही दिवस नीट पाहता यावे म्हणून जिथे ठेवतात ती मांडणीची जागा निराळी. एकाच परसात दोन्ही खुशाल असाव्यात, पण एकीला जे हवे ते दुसरीला बहुधा बाधते.

रोजच्या जागेबद्दल झाडे सांभाळणाऱ्याला फार सांगावे लागत नाही. उघडे ऊन, खेळता वारा, हाताशी नळ, उन्हाळ्यात वर शेडनेट आणि पावसाळ्यात कुंडीखाली साचू न देणारा निचरा इतके असले की काम भागते. संततधारेत कुंडीच्या एका कडेखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती किंचित कलती ठेवावी, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या जूनपूर्वीच काढून टाकाव्यात.

दोन्ही जागांमधले काही फरक किरकोळ आहेत. रोजचा बाक कमरेइतक्या उंचीचा असला की काम करताना पाठ दुखत नाही. मांडणीत मात्र खोडाचा मध्य पाहणाऱ्याच्या नजरेच्या आसपास यावा, आणि बसून पाहायचे असेल तर उंची त्या मानाने कमी करावी. विटांच्या खांबांवर कडप्प्याची फरशी टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, परंतु काळा कडप्पा एप्रिलच्या उन्हात इतका तापतो की उथळ ट्रेमधली मुळे खालून भाजतात. लोखंडी अँगलच्या चौकटीवर बोटभर फटी ठेवून बसवलेल्या लाकडी पट्ट्या दोन्हीकडे चालतात, आणि माझी पसंती त्यांनाच आहे.

खरी फसगत होते ती मागच्या भिंतीपाशी. मांडणीला साधी, एकरंगी पार्श्वभूमी लागतेच, कारण फांद्यांची रेषा आणि दोन फांद्यांमधली मोकळी जागा तिच्यामुळेच स्पष्ट दिसते. रोजच्या जागेत मात्र तीच भिंत झाडाची एक बाजू अंधारात टाकते. बोन्सायची दर्शनी बाजू ठरलेली असते, ती पाहणाऱ्याकडे राहावी म्हणून कुंडी कुणी फिरवत नाही, आणि मागच्या फांद्या महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून राहतात. आधी त्यांची पाने विरळ होतात, मग आतली बारीक फूट वाळते, आणि शेवटी झाड समोरून भरगच्च पण बाजूने पाहिले तर चपटे दिसू लागते. झाडाला खोली देणाऱ्या फांद्या नेमक्या मागच्याच असतात. वड, नांदरुक, उंबर यांच्या जुन्या लाकडावर छाटणीनंतर पुन्हा फूट येऊ शकते, त्यामुळे तिथे काही वर्षांत भरपाई होते. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाची पूर्ण उघडी पडलेली फांदी मात्र सहसा परत फुटत नाही.

भिंत कोणत्या दिशेला आहे, यावरही बरेच अवलंबून असते, आणि आराखडा मे महिन्यात आखला की हमखास चकवा बसतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून दक्षिणेकडच्या भिंतीलगतचा कट्टाही तेव्हा उन्हात न्हालेला दिसतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच येतो आणि 2 मीटर उंचीची भिंत भर दुपारी जवळपास 1.8 मीटर सावली टाकते. उन्हाळ्यात उत्तम वाटलेला कट्टा थंडीत पूर्ण सावलीत जातो, आणि उन्हावर फुलणारी बोगनवेल ऐन बहराच्या दिवसांत उपाशी राहते.

म्हणून मांडणीची पार्श्वभूमी पश्चिमेला असावी, असे माझे ठाम मत आहे. झाडाच्या दर्शनी बाजूवर सकाळचे कोवळे ऊन पडते, आणि उतरत्या दुपारचा कडक मारा भिंत अंगावर घेते. दक्षिणेची भिंत टाळावी. पक्क्या भिंतीऐवजी बांबूच्या कामट्यांचा आडोसा केला आणि झाड त्याच्यापासून दोन-तीन फूट पुढे ठेवले, तर मागच्या फांद्यांनाही थोडा उजेड आणि वारा मिळतो. रोजचे बाक याउलट चहूबाजूंनी उघडे आणि लांबीने दक्षिणोत्तर असावेत, म्हणजे दोन्ही अंगांना आळीपाळीने ऊन मिळते. तिथे कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवावी.

या गल्लतीचे एक मूळ जपानी छायाचित्रांत असावे. जपानी घरातल्या तोकोनोमा या कोनाड्यात मांडलेले झाड पाहून आपण त्याला त्याचे घर समजतो, पण ते तिथे थोड्याच दिवसांपुरते आणलेले असते. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायचे व्यावसायिक बाहेर पडून जवळच्या ओमिया येथे वसले आणि 1925 मध्ये तिथे बोन्सायचे गाव उभे राहिले. तिथल्या बागांमधली झाडे उघड्यावर वाढतात. 2010 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या संग्रहालयातही दालनातली झाडे पाळीपाळीने बदलली जातात. आपल्या परसातही तेच करावे. झाड आठवडाभर मांडावे, मग परत बाकावर न्यावे.

यातून मांडणीच्या जागेचा आकारही ठरतो. संग्रह पन्नास झाडांचा असला तरी एका वेळी तीन, फार तर पाच झाडे मांडावीत. पायऱ्यांच्या स्टँडवर दाटीने लावलेली झाडे एकमेकांची रेषा झाकतात, आणि वरच्या कुंडीतले पाणी खालच्या झाडावर गळत राहते. रंगीत खडे, प्लास्टिकची हिरवळ आणि कारंजी यांना मांडणीत अजिबात स्थान देऊ नये. खाली साधी खडी पुरे.

दोन माणसांनाही जड जाणारा जुना वड दर आठवड्याला हलवणे शक्य नसते. अशा झाडासाठी मोकळ्या जागेत स्वतंत्र खांब बांधावा, त्यावर फिरती फळी बसवावी आणि मागे भिंत किंवा आडोसा काहीही ठेवू नये. खांबाभोवती माणसाला सहज फिरता येईल एवढी वाट मात्र सोडावी, कारण असे झाड चारही बाजूंनी पाहिले जाते आणि त्याची छाटणीही तिथेच उभे राहून करावी लागते.