पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जळते?

‘पंखा एकवर ठेव नाहीतर पाचवर, बिल तेवढंच येतं.’ हे वाक्य आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. आज ते खरं नाही, पण त्याला कारण होतं.

जुना रेग्युलेटर आठवतो? भिंतीवरचा तो जाडजूड डबा, हात लावला की गरम लागायचा. त्यात रोधाची तार असे. पंख्याचा वेग कमी केला की वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या तारेत उष्णता होऊन वाया जाई. बचत व्हायची, पण अगदी थोडी. त्यावरूनच हा समज रुजला.

आताचे स्विचबोर्डात बसणारे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याला मिळणारी वीजच कमी करतात, स्वतः फारसे तापत नाहीत. त्यामुळे हळू पंखा खरोखरच कमी वीज खातो. घरात अजून जुना डबा असेल, तर तो आधी बदलून घ्या.

मोठी बचत मात्र पंख्याच्या मोटरमध्ये आहे. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो. रोज १२ तास चालला, तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ११ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर पुढचा, महाग टप्पा लागतो. तीन पंख्यांच्या घरात महिन्याला वाचणारे हे जवळपास ४८ युनिट फार मोलाचे आहेत.

आणि रिकाम्या खोलीतला पंखा बंदच करा. तो खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो.