शहरातल्या कला शिबिराला जायचंय? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

शहरातल्या कला शिबिराची सूचना शाळेच्या फलकावर लागली की मुलं पहिला प्रश्न विचारतात, "माझा हात तेवढा चांगला नाही, मला घेतील का?" अर्ज जरूर भरा. चित्र बेताचं असलं तरी शिबिरात शिकता येतं. अर्धवट भरलेल्या संमतीपत्रावर मात्र कोणताही शिक्षक मुलाला परगावी नेऊ शकत नाही.

शिबिरासाठीची ही सहल मुक्कामी असल्यामुळे ती सहसा वरच्या वर्गांसाठी ठेवतात. चित्रकला विषय घेतलेला असायलाच हवा का, हे सूचनेत नीट पाहा. तशी अट नसेल तर इतर विषयांच्या मुलांनी मागे राहू नये. परीक्षेच्या तारखा आड येत नाहीत ना, हे वर्गशिक्षकांना आधीच विचारून घ्या. अर्जावर विद्यार्थी, पालक, कलाशिक्षक आणि मुख्याध्यापक अशा सह्या लागतात. शेवटच्या दिवशी एवढ्या सह्या मिळवताना धावपळ होते.

संमतीपत्र पालकांनी वाचून मगच सही करावी. त्यात जाण्या-येण्याच्या तारखा, मुक्कामाचं ठिकाण आणि सोबतच्या शिक्षकांचे फोन नंबर आहेत का ते बघा. तातडीच्या उपचारांसाठीची परवानगी आणि फोटो काढून वापरण्याची परवानगी वेगवेगळी असावी. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणायचा पालकांना हक्क आहे. परतल्यावर मुलाला घ्यायला कोण येणार, तेही लिहा.

आरोग्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तिथेच "काही नाही" लिहून पुढे जायची सवय दिसते. दमा असेल तर स्पष्ट लिहा, कारण चारकोलची, म्हणजे चित्रं काढायच्या कोळशाची भुकटी आणि चित्र पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर मारायचा फिक्सेटिव्हचा फवारा या दोन्हींनी त्रास होऊ शकतो. ॲलर्जी, फिट येणं, रोजची औषधं, काहीही लपवू नका. हे लिहिल्यामुळे नाव कापलं जाईल ही भीती असेल, तर कलाशिक्षकांशी आधी बोला. रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली तर सोबतच्या शिक्षकांच्या हाती तोच एक कागद असतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. इनहेलर मुलाच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या.

ओळखपत्राची प्रत आणि फोटो जोडा. प्रवासाचं तिकीट नावावर निघणार असेल, तर अर्जातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

कामाचे नमुने मागितले असतील तर मोबाइलवरून उतरवलेली गुळगुळीत चित्रं देऊ नका. घरातली खुर्ची, झोपलेलं मांजर, बसची वाट पाहणारी माणसं असं समोर बघून काढलेलं द्या. खोडलेल्या रेघा दिसल्या तरी चालतील. तुम्ही बघता कसं, ते त्यांतूनच कळतं. चारकोलच्या कामावर बटर पेपर ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, वर्ग, चित्राचं माध्यम (पेन्सिल, चारकोल, रंग) आणि आकार लिहा. फोटो पाठवायचे असतील तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. ए३ कागद २९७ × ४२० मिमीचा असतो. त्याच्या चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत.

साहित्याच्या यादीत तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन लिहू नका. ते ज्वलनशील आहे, विमानात नेता येत नाही आणि मुक्कामाच्या खोलीतही नको. शिबिरात संग्रहालयात नेणार असतील, तर तिथे ओले रंग आणि फ्लॅश बहुधा चालत नाहीत. एचबी, २बी, ६बी अशा पेन्सिली आणि जाड पुठ्ठ्याची वही पुरते.

शुल्क परवडत नसेल तर सवलतीची विनंती अर्जासोबतच द्या. जागा भरल्या आणि खर्चाचा हिशेब ठरला की शाळेचे हात बांधले जातात. जाणं रद्द झालं तर किती पैसे परत मिळतील, हे पैसे भरण्याआधीच विचारा. सगळ्या कागदांची एक प्रत घरी ठेवा आणि अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच मागून घ्या.